दिवसाला पन्नास पानं

१

ग्रंथालयात तिला सगळे जतनबाई म्हणत. जतन विभागाची प्रमुख म्हणून ते नाव पडलं आणि असं चिकटलं, की हजेरीपटावरचं स्वतःचं खरं नाव वाचून तिलाच क्षणभर वाटायचं, ही कोण बुवा?

काम ऐकायला सोपं होतं. जुनं पुस्तक टेबलावर आलं की त्याचं पुढे काय करायचं ते ठरवायचं आणि आत चिठ्ठी घालायची. हिरवी चिठ्ठी म्हणजे कागद राखायचा. पिवळी म्हणजे कागद राखायचा आणि स्कॅनही करायचा. लाल म्हणजे पाठ कापायची, सुटी झालेली पानं यंत्राला द्यायची, फाइल तीन वेगवेगळ्या इमारतींत साठवायची आणि कागद लगद्याच्या गाडीत टाकायचा. लाल चिठ्ठीच्या बाजूने तिच्याकडे मुद्दे होते आणि ते खोटे नव्हते. कागद जागा अडवतो, पिवळा पडतो, त्याला कसर लागते, एक नळ फुटला की शंभर वर्षं पाण्यात जातात. बैठकीत ती हे असं मांडायची की ऐकणारे मान डोलवत राहायचे.

मान न डोलवणारा एकच माणूस होता, बांधणी खोलीतले तात्या. पुस्तकं शिवणं, डकवणं, पाठीला कापड लावणं यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. तरुणपणी कटरने उजव्या अंगठ्याचं नख कायमचं नेलं होतं. तिथे नुसती गोल, सुरकुतलेली कातडी होती. याच तात्यांनी तिला नोकरीच्या पहिल्या वर्षी सुईत दोरा ओवायला शिकवलं होतं.

"पोरी, कागद आजारी पडला तर दिसतो," ते म्हणायचे. "कडा झडतात, वास सुटतो. तुझी फाइल आजारी पडली तर कळणार कसं?"

"यंत्र रोज तपासतं, तात्या. प्रत्येक फाइलचा एक आकडा असतो. आत टाचणीच्या टोकाएवढा बदल झाला तरी आकडा जुळत नाही."

"म्हणजे पहिल्या दिवशी जे चुकलं, ते कायमचं बरोबर."

त्यावर दोघंही हसली होती. तेव्हा हसणं परवडत होतं.

२

सोमवारी दुपारी तीन वाजता एक निवृत्त शिक्षिका आल्या. हातात कापडी पिशवी, चष्म्याला दोरी. त्यांना सातव्या खंडातलं पान दोनशे तेरा हवं होतं.

कुठला सातवा खंड हे विचारावं लागलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी धरण झालं आणि नदीकाठची गावं पाण्याखाली गेली. त्याआधी ग्रंथालयाने घरटी एक पान छापून वाटलं होतं. घर कुठे, माणसं कोण कोण, घरात-दारात काय काय, आणि सगळ्यात खाली, कुलूप शेवटी कुणी लावलं, कोणत्या दिवशी. ज्याच्या त्याने आपापल्या अक्षरात भरून दिलं. तात्यांनी त्याचे एकोणीस खंड बांधले. दुसरी प्रत नव्हती.

"दोनशे तेरा आमच्या वडिलांनी भरलंय," शिक्षिका म्हणाल्या. "माझा धाकटा भाऊ त्या घरात जन्मला आणि तिथेच गेला, चार वर्षांचा होऊन. त्याचा फोटो नाही, दाखला नाही. त्याचं नाव तेवढं त्या एका पानावर आहे. दहा वर्षांपूर्वी तात्यांनी मला दाखवलं होतं. तेव्हा नक्कल घ्यायचं सुचलं नाही बघा."

"आता स्कॅन झालंय सगळं," जतनबाई ऐटीत म्हणाली. "दोन मिनिटांत देते."

तिने फाइल उघडली, दोनशे अकरावर गेली आणि पुढची कळ दाबली. पडद्यावर दोनशे चौदा आलं.

तिने मागे जाऊन पुन्हा दाबली. अकरा, मग चौदा. काय झालं असणार हे तिला तिथल्या तिथे कळलं. दोन पानं चिकटून एकदमच यंत्रात गेली होती. पहिल्याची पुढची बाजू आली, दुसऱ्याची मागची आली, आणि मधल्या दोन बाजू एकमेकींना चिकटून तशाच लगद्याच्या गाडीत गेल्या. खंड तीनशे अठ्ठ्याऐंशी पानांचा, फाइल तीनशे शहाऐंशीची. एक वजाबाकी केली असती तरी सापडलं असतं.

"काय झालं?" शिक्षिकांनी विचारलं. पडदा त्यांच्याकडे पाठमोरा होता.

"सर्व्हर बंद दिसतोय," जतनबाई म्हणाली. "शुक्रवारी याल का? याच वेळेला."

"येते की. मला कुठे घाई आहे?" त्या उठल्या आणि वर तिलाच म्हणाल्या, "तुम्हाला उगीच त्रास."

३

कागद गाडीत चढवण्याआधी फाइल आणि कागद पानागणिक जुळवून पाहायचे, असा नियम होता. जुळवणीच्या कागदावर सही तिची होती. एकोणीस खंडांवर एकोणीस सह्या.

तिने प्रत्येक खंडाची पहिली दहा आणि शेवटची दहा पानं पाहिली होती. शितावरून भाताची परीक्षा. गाडी शुक्रवारी यायची होती, वेळ थोडा होता, असं ती स्वतःला सांगत आली होती. खरं कारण एवढंच की तिला कंटाळा आला होता.

तात्यांनी विचारलं होतं. त्यांची खोली सर्व्हरसाठी रिकामी करायची ठरली होती, निवृत्तीला चार दिवस उरले होते. "गाडी पुढे ढकल," ते म्हणाले. "मी बसतो जुळवायला. दिवसाला पन्नास पानं. त्याहून जास्त पाहिली की डोळा खोटं बोलायला लागतो."

"मी केलंय, तात्या."

"सगळं?"

"पान न् पान."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम हलका झाला. "मग प्रश्न मिटला," म्हणाले. तीन महिन्यांनी तात्या गेले. ती अंत्यदर्शनाला गेली होती, तेव्हाही पहिल्यांदा आठवलं ते हेच, की या माणसाने आपल्यावर विश्वास ठेवला. तिला तिथे धड रडताही आलं नव्हतं.

शिक्षिका गेल्यावर तिने सातव्या खंडाची फाइल पहिल्यापासून उघडली. निदान आता तरी नीट बघू, एवढाच हेतू. दहा पानं स्वच्छ होती. अकराव्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, एक अंगठा होता.

पान उलटताना माणूस धरतो तसा, कडेवर टेकलेला. त्याला नख नव्हतं.

४

मंगळवारी तिने स्कॅनरवाल्याला बोलावलं. तिच्याच वयाचा, शांत, कशाचंही नवल न वाटणारा माणूस. येईपर्यंत तीन वाजले. तिने अकरावं पान उघडलं. अंगठा नव्हता. कोपऱ्यात पेन्सिलीचं एक बारीक टिंब होतं.

ते टिंब तिच्या ओळखीचं होतं. तपासलेल्या पानाच्या कोपऱ्यात तात्या तसं टिंब द्यायचे, आणि शंका असली तर प्रश्नचिन्ह. तिने पुढची पानं भराभर सरकवली. बारा, तेरा, वीस, चाळीस, सगळ्यांवर टिंब. एकसष्टाव्या पानावर अंगठा होता.

"हे बघा," ती म्हणाली. आवाज साधा ठेवायला तिला कष्ट पडले.

तो वाकून पाहू लागला. "अंगठा आलाय कुणाचा तरी. येतो असा." मग तो थांबला. "पण आपलं यंत्र पानं स्वतः ओढून घेतं. हात आत जातच नाही."

"म्हणून तर विचारतेय. नंतर कुणी फाइल बदलली असेल का?"

त्याने आकडा काढून पाहिला, मग दुसऱ्या इमारतीतल्या प्रतीचा, मग तिसऱ्या. तिन्ही जुळले. "नाही. ज्या दिवशी केली त्या दिवशी जशी होती तशीच आहे. म्हणजे हा अंगठा पहिल्यापासून आहे." त्याने सहज मान वळवली. "तुम्ही जुळवलंत तेव्हा दिसला नाही?"

खाई त्याला खवखवे म्हणतात. दिसला नाही म्हणावं तर पानं पाहिली नाहीत हे उघड होत होतं, आणि दिसला म्हणावं तर आणखी एक खोटं.

"दिसला असेल," ती म्हणाली. "आता लक्षात नाही."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि चहाला गेला.

ती टेबलाशी बसून राहिली. सोमवारी तीन वाजता अकरा, मंगळवारी तीन वाजता एकसष्ट. अकरा का, हेही तिला कळलं होतं. दहापर्यंत तिने स्वतः पाहिलं होतं. तिने जिथे सोडलं होतं, तिथून तो पुढे निघाला होता. बुधवारी एकशे अकरा, गुरुवारी एकशे एकसष्ट, शुक्रवारी दोनशे अकरा. एवढा हिशोब लहान मुलानेही केला असता.

५

बुधवारी अंगठा एकशे अकरावर होता.

मनाला भुलवायचे सगळे उपाय तिने करून पाहिले. डोळे तपासून घेतले, डोळे ठीक होते. स्कॅनरवाल्यालाही अंगठा दिसला होता, तेव्हा भास म्हणायची सोय राहिली नव्हती. लगद्याच्या कारखान्यात फोन केला. पलीकडचा माणूस आधी समजलाच नाही, मग हसायला लागला. "बाई, त्या कागदाचे एव्हाना पुठ्ठे झाले. कुठल्यातरी बुटांच्या खोक्यात असेल तुमचं पान." आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावणार?

फोन ठेवल्यावर तिला आवाज ऐकू आला. शेजारच्या, पूर्वी बांधणी खोली असलेल्या आणि आता सर्व्हरच्या कपाटांनी भरलेल्या खोलीतून. पंख्यांच्या घरघरीखाली, सुका, हलका आवाज. पान उलटल्याचा. मग काहीच नाही. तिने घड्याळ लावलं. नऊ मिनिटांनी पुन्हा. पन्नास पानं, साडेसात तास, पानाला नऊ मिनिटं. तात्यांनी कधी घाई केली नव्हती.

तिने उठून दार उघडलं. खोलीत गारवा होता, हिरवे दिवे लुकलुकत होते आणि कागदाचा कपटाही नव्हता. खिडकीपाशी, जिथे तात्यांचं टेबल असायचं, तिथे फरशीवर चार पायांच्या चार खुणा उरल्या होत्या. त्या खुणांच्या मधोमध ती उभी राहिली. "तात्या, मी सांगणार आहे त्यांना," ती मोठ्याने म्हणाली. स्वतःचाच आवाज ऐकून तिला लाज वाटली, कारण आपण सांगणार नाही हे तिला माहीत होतं.

गुरुवारी तिने जे केलं त्याला पळवाट म्हणणंही कमी पडेल. मूळ पुस्तकातच पान फाटलेलं असलं, तर स्कॅन करताना त्या जागी एक कार्ड घालतात. ती जतन विभागाची रीतच आहे. तिने तसली दोन कार्डं केली, दोनशे बारा आणि दोनशे तेराच्या जागी घातली आणि फाइलचा नवा आकडा नोंदवला. कार्डावर छापील अक्षरात एक ओळ होती. "मूळ खंडात हे पान नाही."

शिक्षिकांनी ते पान डोळ्यांनी पाहिलं होतं. आता त्यांना सांगायचं, की तुमचं वय झालं, तुम्हाला नीट आठवत नसेल. पान गेलं ते गेलंच, पण ते कधी नव्हतंच असं लिहायला तिचा हात कचरला नाही. कचरला तो नंतर, घरी कुलूप उघडताना. किल्ली तीनदा हातातून पडली.

६

शुक्रवारी सकाळी मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "आई, माप घे ना. मी वाढलेय."

स्वयंपाकघराच्या चौकटीवर ती मुलीची उंची पेन्सिलने लिहीत आली होती, चालायला लागली तेव्हापासून. तिने रेघ मारली. पोर खरंच अर्धं बोट वाढली होती.

"तारीख घाल," मुलगी म्हणाली.

"संध्याकाळी घालते. उशीर झालाय."

"कुठे उशीर? आपलं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे," नवरा आतून म्हणाला. ते घड्याळ त्याच्यासाठीच पुढे ठेवलं होतं, आणि सात मिनिटं हातात आहेत हे कळल्यापासून तो आणखी उशिरा निघायचा. रोजच्यासारखी हसाहस झाली. जिना उतरताना तिला वाटलं, आज सांगून टाकावं. खाली रस्त्यावर पोचेपर्यंत ते वाटणं विरलं.

७

शिक्षिका तीनला पाच मिनिटं असताना आल्या. या वेळी जतनबाईने त्यांना आपल्या शेजारी, पडद्यासमोर बसवलं. कार्ड त्यांनी स्वतः वाचावं, म्हणजे आपल्याला तोंडाने बोलावं लागणार नाही, असा तिचा विचार होता.

दोनशे अकरावर अंगठा होता. शिक्षिकांनी तो पाहिला पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "हे शेजारचं घर," त्या म्हणाल्या. "त्यांच्या परसात आम्ही खेळायचो. भावाला चालता यायचं नाही नीट, मी कडेवर घ्यायची. जड होता हो." त्या बोलत राहिल्या, आणि तिने त्यांना बोलू दिलं, कारण पुढची कळ दाबायचा तिला धीर होत नव्हता.

भिंतीपलीकडे पान उलटलं. पडद्यावरचा अंगठा नाहीसा झाला होता आणि टिंब उमटलं होतं. शिक्षिका भावाच्या टोपीबद्दल सांगत होत्या. नऊ मिनिटं गेली. पान पुन्हा उलटलं.

"दाखवता ना?" शिक्षिका म्हणाल्या.

तिने कळ दाबली. दोनशे बारा. कार्ड जसंच्या तसं होतं. "मूळ खंडात हे पान नाही." कोपऱ्यात मात्र टिंब नव्हतं, पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह होतं.

"असं कसं?" शिक्षिका पुटपुटल्या. "बरं, ते राहू दे. पुढचं आमचं."

तिने पुन्हा कळ दाबली.

दोनशे तेरावर कार्ड नव्हतं, पान होतं. चाळीस वर्षांपूर्वी छापलेलं, पिवळट, त्याच चार रकान्यांचं. अक्षर कुणाचं हे ओळखायला तिला वेळ लागला नाही, कारण ते तिचं होतं. घर कुठे: तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला. माणसं: नवरा, मुलगी, मी. घरात-दारात: भिंतीवर घड्याळ, सात मिनिटं पुढे. स्वयंपाकघराच्या चौकटीवर मुलीच्या उंचीच्या रेघा. शेवटच्या रेघेला तारीख घालायची राहिली.

त्याखाली शेवटचा रकाना होता. कुलूप शेवटी कुणी लावलं, कोणत्या दिवशी. तिथेही काहीतरी लिहिलं होतं. त्यावर अंगठा आडवा टेकला होता.

शिक्षिकांनी चष्मा वर केला, खाली केला. "हे आमचं नाही. हे कुणाचं घर आहे?"

तिने तोंड उघडलं तेव्हा आवाज सरळ निघाला. "हे माझं आहे. तुमचं पान गेलं. माझ्यामुळे गेलं. मी पानं न तपासता सही केली, तात्यांना खोटं सांगितलं, सोमवारी तुम्हाला खोटं सांगितलं. मागचं ते कार्डही मीच काल घातलं. तुमचं पान होतं. तुम्हाला बरोबर आठवतंय."

शिक्षिकांनी पिशवी मांडीवर घेतली, तिचे बंद धरले, सोडले. त्या रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"मला त्यातलं पाठ आहे थोडं," अखेर त्या म्हणाल्या. "सगळं नाही. कागद आहे का तुमच्याकडे? फाइल नको, कागद."

तिने खणातून कोरा कागद काढला, पट्टीने चार रकाने आखले आणि वर दोनशे तेरा लिहिलं. शिक्षिका सांगत गेल्या, ती लिहीत गेली. घर नदीकडून तिसरं. पुढे ओटा, ओट्याला दोन पायऱ्या, एक तुटलेली. माणसं: वडील, आई, मी. कागद तिने डाव्या अंगठ्याने दाबून धरला होता.

"अहो," शिक्षिका मध्येच म्हणाल्या. त्या पडद्याकडे पाहत होत्या. "हा अंगठा मघाशी इथे होता ना? सरकलाय. तुमची खालची ओळ दिसायला लागली." त्यांनी चष्म्याची दोरी सावरली. "कुलूप कुणी लावलं ते आहे. पुढे दिवसही लिहिलाय. वाचू?"

तिने मान वर केली नाही. भिंतीपलीकडे अजून पान उलटलं नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली. "आधी तुमच्या भावाचं पूर्ण नाव सांगा. सावकाश सांगा."